पाठीवरचा स्मॉल पॅक: आत काय भरायचं आणि काय नाही

रीएनॅक्टमेंटच्या, म्हणजे जुन्या काळच्या सैनिकांचा वेश आणि सामान घेऊन तो काळ उभा करायच्या, कुठल्याही कार्यक्रमात जा, टेबलावर मांडलेलं सामान एकदम झकास असतं, पण पाठीवरची पिशवी उघडून दाखव म्हटलं की बऱ्याच जणांची पंचाईत होते. कारण आत फोमचा ठोकळा नाहीतर पुठ्ठ्याचा खोका. फोटोत चौकोनी दिसायला पाहिजे ना! मला हे अजिबात पटत नाही. युनिफॉर्मची शिलाई तपासायला भिंग घेऊन बसायचं आणि पाठीवर हवा वाहायची, याला काय अर्थ आहे.

आम्ही काही जण इथे इंग्लंडमध्ये १९४४ च्या इटलीतली मराठा लाइट इन्फंट्री करतो. म्हणजे यशवंत घाडग्यांची पलटण, ३/५ मराठा (पाचव्या मराठा रेजिमेंटची तिसरी बटालियन). माणगाव तालुक्यातले नाईक घाडगे, १० जुलै १९४४ ला टायबरच्या वरच्या खोऱ्यात एकट्याने मशीनगनच्या ठाण्यावर धावून गेले, मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस. इटलीत मोंतोने गावात २०२३ मध्ये त्यांच्या नावाने सूर्यघड्याळ उभारलंय, पण इथल्या प्रेक्षकांपैकी बऱ्याच जणांना इटलीत भारतीय सैन्य होतं हेच माहीत नसतं, त्यामुळे आमची निम्मी दुपार ते सांगण्यातच जाते.

तर पिशवी. १९३७ पॅटर्न वेबिंगचा, म्हणजे जाड सुती पट्ट्या-पिशव्यांच्या सैनिकी संचातला, हॅवरसॅक, सगळे स्मॉल पॅकच म्हणतात. साधारण ११ बाय ९ इंच आणि ४ इंच खोल, म्हणजे आजच्या पोरांच्या शाळेच्या दप्तरापेक्षाही लहान. आत मधोमध पडदा, आणि एका बाजूच्या कप्प्याचे परत दोन भाग, एक पाण्याच्या बाटलीसाठी, एक मेस टिनसाठी, म्हणजे जेवणाच्या पत्र्याच्या डब्यांसाठी. बाटली पुष्कळदा वेगळ्या कॅरियरमध्ये कमरेलाच लटकवायचे, मीही तेच करतो, मग त्या रिकाम्या जागेत दाढीचं सामान, साबण आणि सुईदोऱ्याची पुरचुंडी बरोब्बर बसते.

मेस टिन दोन, चौकोनी, एकात एक बसणारे. नुसते टाकले तर चालताना असा खणखणाट होतो की शत्रू सोडा, शेजारच्या तंबूतली म्हातारी पण उठून बसेल. म्हणून दोन टिनच्या मध्ये टॉवेलची घडी, आतल्या टिनमध्ये चहा-साखरेची डबी, चमचा-काटा मोज्यात गुंडाळून. मोजे तसेही जास्तीचे घ्यायचेच असतात, चिखलात दिवसभर उभं राहिलात की कळेल का. मागच्या मोठ्या कप्प्यात स्वेटर आणि कॅप कम्फर्टर, म्हणजे ती विणलेली टोपी कम मफलर, थंडीत तिच्यासारखं सुख नाही. आणि सगळ्यात वर, झाकणाच्या लगेच खाली, ग्राउंडशीट, म्हणजे खाली अंथरायचं आणि पावसात अंगावर घ्यायचं कापड. ती तळाशी कोंबू नका हो. पाऊस आला की पहिली तीच लागते, झाकणाचे पट्टे सोडले की हाताला आली पाहिजे, नाहीतर भर पावसात सगळा संसार बाहेर काढून बसावं लागतं.

खाण्याच्या बाबतीत मात्र मी जरा कडक आहे. भारतीय पलटणीचं सामान मांडायचं आणि मधोमध बुली बीफचा, म्हणजे गोमांसाचा, डबा ठेवायचा, हे मी बघितलंय, आणि एकदा नाही. अरे, हिंदू जवानांना गोमांस कोण वाढणार होतं? आटा, डाळ, तूप, असा त्यांचा शिधा वेगळा असायचा, लंगर, म्हणजे स्वयंपाकघरं, वेगळे. कोरड्या शिध्यात शक्करपाऱ्याची बिस्किटं पण असायची. त्यामुळे मी सरळ आईने पाठवलेले शंकरपाळे फडक्यात बांधून घेतो, लहान मुलांना वाटतो, आणि खरं सांगू तर अर्धे मीच संपवतो.

आता घालण्याचं. पिशवीचे दोन पट्टे, त्यांना एल-स्ट्रॅप म्हणतात, खांद्यावरून पुढे येतात आणि त्यांचे हुक कमरपट्ट्याला पुढे लावलेल्या पाऊचच्या वरच्या बकलात अडकतात, बारीक पट्टा काखेखालून मागे पिशवीच्या खालच्या कोपऱ्याला. म्हणजे पाठीचं ओझं पुढच्या पाऊचवर तोललेलं असतं. पाऊच रिकामे असतील तर पिशवी मागे लोंबते, कमरपट्टा पोटावरून वर छातीकडे सरकतो आणि माणूस बुजगावण्यासारखा दिसतो. त्या काळी पाऊचमध्ये ब्रेन गनची (हलक्या मशीनगनची) मॅगझिनं आणि ग्रेनेड असायचे, सगळं जड. आमच्यात कोण लाकडाचे ठोकळे घालतं, मी वाळूच्या पुरचुंड्या घट्ट बांधून घालतो, वजन लाकडापेक्षा बरं येतं. दोन्हीकडे सारखं वजन करा, नाहीतर चालताना एक खांदा दिवसभर बोलत राहतो. भरलेली पिशवी पाठीवर जरा खाली बसते, कोपरे गोल होतात, आणि जुन्या फोटोंत बघा, तशीच दिसते. कुणाची चौकोनी खोक्यासारखी नसते.

मग कोणीतरी हमखास विचारतं, ओरिजिनल घेऊ का रिप्रो, म्हणजे नव्याने बनवलेली नक्कल? वापरायला रिप्रो. ऐंशी वर्षं जुनं कापड चिखलात लोळवायचं नाही, ते कपाटात ठेवा. ब्लँको, म्हणजे वेबिंगला लावायचा रंग, लावायचा तर बाहेरूनच, ओल्या ब्रशने, आणि आदल्या रात्री नव्हे तर दोनेक दिवस आधी, पूर्ण वाळू द्या, नाहीतर घाम आला की सगळा हिरवा रंग बॅटलड्रेसच्या (युनिफॉर्मच्या) पाठीवर उतरतो आणि धुवायला घरी दिलात तर जे ऐकून घ्यावं लागतं ते लागतं.

घरी आल्यावर पिशवी लगेच रिकामी करा, शंकरपाळ्यांचा चुरा झटका (मुंग्या!), उलटी करून सावलीत वाळवा, प्लास्टिकच्या पिशवीत तर मुळीच कोंबू नका, बुरशीचा वास जात नाही. मेस टिन पुसून कोरडे. आणि बाटलीचं बूच काढून ठेवा, बंद राहिली तर पुढच्या वेळचं पाणी पिववत नाही.