टेस्ट पास, गेट नापास

आमच्या सगळ्या टेस्ट पास होत होत्या. तरी पुल रिक्वेस्टवर (कोड मुख्य शाखेत मर्ज करण्याची, म्हणजे मिसळण्याची विनंती) लाल फुली, आणि खाली तीच तक्रार पुन्हा पुन्हा: या टेस्टमध्ये एकही असर्शन, म्हणजे उत्तर अपेक्षेप्रमाणे आलं का हे तपासणारी ओळ, नाही. प्रोजेक्टला सोनारक्यूब या कोड तपासणाऱ्या टूलचं गेट (मर्जआधीची चाळणी) नुकतंच लागलंय आणि याच ओळीवर घोडं अडलंय, अशा लोकांसाठी हे लिहितोय. माझा राग अजून पुरता गेलेला नाही, तेवढं सांभाळून घ्या.

भाषा जावा, टेस्ट जेयुनिट ५ मध्ये, बिल्ड मेवनवर. आम्ही हिंजवडीत, क्लायंट परदेशात, कोड बिलिंगचा. क्लायंटने ठरवलं की यापुढे टेस्टचा कोडसुद्धा तपासला जाईल आणि गेट हिरवं झाल्याशिवाय मर्ज नाही. नव्या कोडचं कव्हरेज (टेस्टमध्ये चाललेला भाग) किमान ८० टक्के, डुप्लिकेशन (तोच कोड पुन्हा लिहिणं) ३ टक्क्यांच्या आत. हे आकडे सोनारच्या मूळ गेटमधलेच, त्याबद्दल आमचं काही म्हणणं नव्हतं. किरकोळ तक्रारी पटापट मिटल्या: असर्टइक्वल्समध्ये अपेक्षित किंमत आधी लिहा, टेस्ट क्लासपुढचं पब्लिक काढा, असली कामं.

गाडी रुतली ती एस२६९९ या नियमात. टेस्टमध्ये असर्शन हवंच, असं तो सांगतो, आणि तत्त्व म्हणून ते मला शंभर टक्के मान्य आहे. नुसती मेथड कॉल करून काहीच न तपासणारी टेस्ट एक्सेप्शन (कोड चालताना उडालेली चूक) येईपर्यंत पासच होत राहते. वर कव्हरेजही फुगवते, कारण जॅकोको (कव्हरेज मोजणारं टूल) ओळ चालली का एवढंच मोजतो, तिचं उत्तर कुणी तपासलं का याच्याशी त्याला देणंघेणं नसतं.

पण आमच्या टेस्ट तशा नव्हत्या. बिलाची रक्कम, कर, सवलत, राउंडिंग हे सगळं एकदम ताडून पाहणारी एक हेल्पर मेथड होती, ती वेगळ्या जारमध्ये (तयार जावा कोडच्या पॅकेजमध्ये), आणि तो जार दुसऱ्या टीमचा. प्रत्येक टेस्टची शेवटची ओळ म्हणजे या मेथडला कॉल. असर्शन तिच्या पोटात. सोनार कोड चालवत नाही, वाचतो. आणि या नियमासाठी जारमधली मेथड उघडून बघत नाही. त्यामुळे त्याच्या लेखी आमच्या टेस्ट रिकाम्या.

यावरचा उपाय नियमातच आहे. त्याला कस्टमअसर्शनमेथड्स नावाचं पॅरामीटर आहे. क्लासचं पूर्ण नाव, मग हॅशचं चिन्ह, मग मेथडचं नाव. मेथडच्या नावाच्या शेवटी स्टारही चालतो. एका ओळीचं काम. पण ती ओळ टाकायची क्वालिटी प्रोफाइलमध्ये, म्हणजे कोणते नियम लागू याच्या यादीत. मूळचं 'सोनार वे' प्रोफाइल बदलता येत नाही, त्याची कॉपी काढावी लागते किंवा त्यावरून नवं प्रोफाइल करावं लागतं. तसं प्रोफाइल क्लायंटकडे होतं, हक्क मात्र त्यांच्या प्लॅटफॉर्म टीमकडे.

म्हणून टिकीट टाकलं. उत्तर आलं: टेस्टच्या शेवटी असर्टट्रू लिहून कंसात ट्रू टाका, चालून जाईल. क्वालिटीचं गेट सांभाळणाऱ्या टीमचा हा सल्ला! आणि चाललंही नसतं. असर्शनमध्ये थेट ट्रू-फॉल्स लिहू नका, असा एस२७०१ नावाचा नियम आहे आणि त्यांच्याच प्रोफाइलमध्ये तो चालू होता. मी हे कळवलं. टिकीट बंद. शेरा: टूल अपेक्षेप्रमाणे काम करत आहे. खाली नियमाच्या माहितीची लिंक, जी मी माझ्या टिकिटात आधीच दिली होती. पुन्हा उघडलं, तर म्हणे आठवड्याच्या मीटिंगमध्ये घेऊ. इकडे रिलीज खोळंबलेलं, आणि मॅनेजर रोज स्टँडअपला विचारतोय, 'एवढ्याशा वॉर्निंगसाठी?' सप्रेसवॉर्निंग्ज (कोडमध्येच तक्रार दाबणारी खूण) लावायचा पर्याय होता, पण तिथे प्रत्येक ठिकाणी कारण लिहून मंजुरी घ्यायची, म्हणजे पुन्हा तीच टीम.

शेवटी वाद घालणं सोडलं आणि पुरावा दिला. बिलिंगच्या कोडमधलं राउंडिंग एका ब्रँचवर मुद्दाम बिघडवलं, टेस्ट चालवल्या, लाल झालेल्या टेस्टचा लॉग टिकिटाला जोडला. सोबत पीआयटीचा रिपोर्ट. हे टूल बाइटकोडमध्ये छोटे बदल करतं, 'पेक्षा मोठं'च्या जागी 'मोठं किंवा समान', अधिकच्या जागी उणे, आणि टेस्टना ते कळतं का पाहतं. आमच्या टेस्टनी बहुतेक बदल पकडले होते. मग कुणीतरी मीटिंगची वाट न पाहता कस्टमअसर्शनमेथड्सची ती ओळ प्रोफाइलमध्ये टाकली. पुढच्या स्कॅनला एस२६९९ ची एकही तक्रार नाही. ते हिरवं गेट मी टीमच्या ग्रुपवर टाकलं, थोडं मिरवलंही.

तेव्हा टिकीट टाकताना पहिल्याच दिवशी मुद्दाम मोडलेल्या कोडचा लॉग जोडा. हेल्पर तुमचीच असेल तर टिकिटाच्या आधी तिचं नाव असर्टने सुरू करून पाहा, कदाचित तेवढ्यावरच भागेल. एखादी टेस्ट खरंच 'एक्सेप्शन येत नाही' एवढंच पाहत असेल तर जेयुनिटचं असर्टडझनॉटथ्रो वापरा, त्यात लबाडी नाही.

हे आधी सांगायला हवं होतं: कव्हरेज शून्य दिसलं तर टेस्टना दोष देण्याआधी पॉम फाइल (मेवनची सेटिंग) बघा. शुअरफायरमध्ये (टेस्ट चालवणारं मेवनचं प्लगइन) स्वतःची आर्गलाइन (जावाला द्यायचे पर्याय) लिहिली की जॅकोकोने भरलेली आर्गलाइन पुसली जाते आणि त्याचा एजंट (ओळी मोजणारा भाग) जोडलाच जात नाही. आपल्या ओळीच्या सुरुवातीला ॲटचं चिन्ह आणि महिरपी कंसात आर्गलाइन लिहा. जुनाच कोड नवा म्हणून मोजला जात असेल तर पाइपलाइन गिटचा अर्धवट इतिहास तर ओढत नाही ना, ते पाहा. कोणती ओळ कधीची, हे सोनार त्या इतिहासावरूनच ठरवतो.

आणि थ्रेड.स्लीप, म्हणजे टेस्टमध्ये ठरावीक वेळ नुसतं थांबणं. त्यावरही नियम आहे, एस२९२५. तिथे ऑवेटिलिटी (अट पूर्ण होईपर्यंतच थांबणारी लायब्ररी) वापरा. त्यासाठी कुणाच्या मंजुरीची गरज पडत नाही, हेच मला त्यातलं सगळ्यात आवडलं.