पारी कडेला पातळ, मधे जाड

आमच्या संभाजीनगरात कॅनॉटला डंपलिंगचं नवं दुकान उघडलंय, हे मला मेसच्या पोरांकडून कळलं. आठवडाभर रात्रीच्या जेवणाला रोज तीन-चार पोरं कमी दिसायली होती. एकाला विचारलं, "कामून रे, भाजी आवडंना का?" तर म्हणाला, "तसं नाही काकू, तिकडं ते चिनी मोदक खायला गेलतो." मोदक म्हणाला आणि माझं लक्ष तिथंच अडकलं.

मी गारखेड्यात एकवीस वर्षांपासून मेस चालवते. दोन्ही वेळच्या मिळून तीनशेच्या वर पोळ्या होतात. हाताखाली दोघी जणी आहेत, पण कणीक अजून मीच मळते. कणकेत पाणी किती पडलंय, ती किती वेळ झाकून ठेवली होती, हे मला पोळीचा तुकडा मोडताना कळतं. त्यामुळं कुठंही खायला गेले तरी मी आधी पीठ बघते, आत काय भरलंय ते नंतर.

रविवारी संध्याकाळी मेस बंद असते. लेक पुण्याहून चार दिवसांसाठी आली होती. ती, मी आणि सासूबाई अशा तिघी गेलो. सासूबाई शहात्तर वर्षांच्या, गळ्यात तुळशीची माळ. "आजीला तिथं काय खाता येईल?" असं लेक म्हणत होती. पण मला त्यांच्या हातची दिंडं, म्हणजे पुरणाच्या वाफवलेल्या पुड्या, आठवत होती, म्हणून मीच म्हणलं, "चला आई, बघून तरी येऊ."

तिथं टेबलापाशी कुणी विचारायला येत नाही. काउंटरवर जाऊन सांगायचं, आधी पैसे भरायचे, मग हातात एक चपटी डबी मिळते. आपलं खाणं तयार झालं की ती डबी थरथरते आणि लाल दिवा लागतो. ट्रे आपणच आणायचा, सॉसही आपणच वाटीत घ्यायचा. ही पद्धत मला पटली. पण बसायला उंच, बिनपाठीची स्टुलं होती. त्यावर म्हाताऱ्या माणसानं चढायचं कसं? काउंटरवरच्या पोरानं न सांगता आतून खुर्ची आणून दिली. अशा दोन खुर्च्या बाहेरच ठेवत जा, असं मी निघताना मालकाला सांगून आले.

सासूबाईंचा पहिला प्रश्न ठरलेला: "भांडी येगळी हायेत का?" मी तो जसाच्या तसा त्या पोराला हिंदीत विचारला. तो कालिम्पोंगचा. त्यानं मला काचेपाशी नेलं आणि दाखवलं. वाफवायच्या बांबूच्या टोपल्या दोन थप्प्यांत होत्या. भाजीच्या टोपल्यांच्या झाकणाला हिरवी दोरी बांधलेली, आणि वाफेचं पाणीही वेगळ्या भांड्यात. तळावर भाजायचा तवा मात्र एकच आहे, हेही त्यानं आपणहून सांगितलं. त्याच्या या खरं बोलण्याचं मला फार बरं वाटलं. म्हणून सासूबाईंसाठी फक्त वाफवलेली, कोबी-गाजराची. आम्हा दोघींना चिकनची, एक प्लेट वाफवलेली, एक तव्यावरची. सहा नगांची प्लेट, भाजीची १६० रुपये, चिकनची २१०. मेसच्या हिशोबानं बघितलं तर महाग आहे. पण पुढं काचेपलीकडं जे बघितलं, त्यानंतर मला तो भाव खुपला नाही.

काचेपलीकडं दोघं जण पाऱ्या लाटत होते. पोळपाट नाही, लाकडाची सपाट फळी. लाटणं बोटाएवढं जाड आणि वीतभर लांब, दोन्ही टोकांना सारखंच. गोळी तळहातानं चपटी करायची. मग उजव्या हातातलं लाटणं कडेपासून मध्यापर्यंत न्यायचं आणि तिथंच थांबून मागं घ्यायचं, तेवढ्यात डाव्या हातानं पारी थोडी फिरवायची. लाटणं मध्यावरून पुढं जातच नाही. त्यामुळं कड पातळ होते आणि मधे पोट राहतं.

मी बघतच उभी राहिले. डबी हातात थरथरायली तरी माझं लक्ष नाही, लेक म्हणाली, "आई, अगं आपलं आलंय."

माझ्या मायनं मला पारी अशीच शिकवली होती. लातूरकडं, औसा तालुक्यातल्या आमच्या गावात. लाटण्यानं नाही, बोटांनी, पण सांगणं हेच: कडेला पातळ, मधे जाड. कारण ती सांगायची नाही, हातावर चापट मारून शिकवायची. पुढं मला स्वतःला उमगलं. कडा एकमेकींवर येतात, चुण्या पडतात, तिथं पीठ दुप्पट-तिप्पट होतं. ती जागा जाड राहिली तर बाकीचं शिजतं आणि तेवढंच कच्चं लागतं. आणि मधली जागा पातळ झाली तर सारणाचं वजन तिला पेलत नाही, बूड फाटतं. चीनमध्येही पोरींना हेच शिकवत असतील.

आमच्याकडं नागपंचमीला चुलीवर तवा ठेवत नाहीत. चिरायचं नाही, कापायचं नाही, तळायचं नाही. मग पोराबाळांना गोड काय करायचं, तर पुरणाची दिंडं. कणकेची पारी लाटायची, मधे पुरण ठेवायचं, चारी बाजू आत दुमडून चौकोनी पुडी करायची आणि पातेल्यावर चाळणी ठेवून वाफवायची. वरून तूप. येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, शेतात बाजरीचे उंडे असतात, भज्जी या मिसळ भाजीबरोबर, तेही वाफेवरचेच. मराठवाडा म्हणलं की लोकांना ठेचा-भाकरी, तिखट रस्सा एवढंच आठवतं. पण वाफेवर पीठ शिजवायचं आमच्या बायांना पहिल्यापासून येतं. दिंडं आता बऱ्याच घरांत वर्षातून एकदाही होत नाहीत. माझ्या मेसमधल्या पोरांपैकी अर्ध्यांनी ती खाल्लेलीच नाहीत, काहींना नावही माहीत नाही. याचं मला वाईट वाटतं, आणि त्यात माझाही दोष आहे. मेसमध्ये नागपंचमीला मी दरवर्षी शिरा करून मोकळी होते.

असो. ट्रे आला.

आधी वाफवलेलं. झाकण काढलं की वाफ तोंडावर येते, बांबूचा ओलसर वास येतो. पारी इतकी पातळ की आतला गाजराचा केशरी रंग दिसत होता. चिमट्यानं उचललं तरी फाटली नाही. दाताखाली आधी किंचित ताण लागतो आणि मग सुटते. पीठ मैद्याचं, पण चिकट नाही. चिकनच्या पहिल्या घासाला आतून गरम रस आला. रस कुठून आला हे मला कळेना, म्हणून परत काचेपाशी गेले. त्या पोरानं सांगितलं, खिम्यात थोडं थोडं करून हाडांचं गार सूप घालायचं आणि हात एकाच दिशेनं फिरवत राहायचं. खिमा ते सगळं पिऊन टाकतो, चिकट होतो, आणि वाफ लागली की सोडतो. दिशा बदलायची नाही, हे त्यानं दोनदा सांगितलं. कोबीचं तंत्र उलटं. बारीक चिरून मीठ लावायचं, थोडा वेळ ठेवायचं आणि घट्ट पिळून पाणी काढून टाकायचं, नाहीतर पारी भिजून फुटते.

तव्यावरची मला जास्त आवडली. चिनी भाषेत तिला ग्वोथिए म्हणतात, म्हणजे भांड्याला चिकटलेली. तेलात बूड लाल होऊ द्यायचं, मग पाणी ओतून झाकण घालायचं, पाणी आटलं की झाकण काढून पुन्हा खरपूस करायची. तळ कुरकुरीत, वरचं अंग मऊ. इथं पाण्यात थोडा मैदा कालवून ओततात, त्यामुळं सगळ्या नगांना जोडणारी पातळ, तपकिरी जाळी तयार होते, आपल्या घावनासारखी. तव्यावरच्या पारीचं पीठ मळताना पाणी गरम घालतात, म्हणजे आपण मोदकाच्या उकडीला घेतो तसं. गरम पाण्यानं पीठ मऊ पडतं, ताणत नाही, मुरड धरून ठेवतं. पाण्यात उकडायच्या डंपलिंगला मात्र गार पाण्यानं मळतात, म्हणजे चिवट होतं आणि उकळीत टिकतं. पाणी बदललं की पीठ बदलतं, हे मी रोज करते, पण एवढं नेमकं कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

सॉसमध्ये काळा व्हिनेगर होता, तांदळापासून केलेला. चीनमधलं चेन्ज्यांग शहर त्यासाठी प्रसिद्ध आहे. आंबट, पण चिंचेसारखा दातांना झोंबत नाही. मिरचीचं तेल मात्र फिकं पडलं. लातूरच्या माणसाला तेवढं पुरत नाही.

इथं एक सांगते. गाड्यावर आपण जे "चायनीज" खातो, ते बरंचसं इथलंच आहे. मंचुरियन मुंबईत जन्मलं, १९७५ साली, क्रिकेट क्लब ऑफ इंडियात, कोलकात्याच्या नेल्सन वांग यांच्या हातून. मोमो आले ते हिमालयाकडून. १९५९ नंतर तिबेटी माणसं मोठ्या संख्येनं भारतात आली, त्यांच्याबरोबर ते मैदानी शहरांत पसरले. मोमोचं पीठ जाड, चटणी लाल. या दुकानातलं डंपलिंग म्हणजे ज्याओत्स, ते उत्तर चीनचं, घरात सणाला करायचं खाणं. नववर्षाच्या आदल्या रात्री सगळं घर मिळून बसून ते वळतं. एखाद्यात नाणं लपवतात, ज्याला लागेल त्याचं वर्ष चांगलं. चीनच्या शिनजियांगमध्ये तुर्फानजवळच्या, थांग राजवटीच्या काळातल्या थडग्यांत हजार वर्षांहून जुनी डंपलिंगं सापडली आहेत, कोरड्या हवेनं वाळून तशीच राहिलेली. लेकीनं मोबाइलवर त्यांचा फोटो दाखवला. मुरड अजून ओळखू येते. कुणा बाईनं किंवा बाप्यानं घातलेली मुरड, हजार वर्षांनी मला कॅनॉटला बसून दिसायली होती. माझ्या अंगावर काटा आला.

लेकीनं आजीला एक कथाही वाचून दाखवली. हान राजवटीच्या शेवटी चांग चोंगजिंग नावाचा मोठा वैद्य होता. गावी परतताना त्याला थंडीनं कान फुटलेली गरीब माणसं दिसली. त्यानं मटण आणि औषधं शिजवून बारीक केली, पिठात कानाच्या आकारात बांधली आणि रश्शाबरोबर लोकांना वाटली. म्हणून डिसेंबरातल्या सगळ्यांत लहान दिवशी तिकडं अजून डंपलिंगं खातात, म्हणजे कान गळत नाहीत. दंतकथाच ती. पण सासूबाईंनी हातातलं डंपलिंग उलटंपालटं करून बघितलं आणि म्हणाल्या, "कानच हाय की." त्यांनी सहाच्या सहा खाल्ली. सॉस घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी घरी केली. मैदा अर्धा, कणीक अर्धी, कोमट पाणी. सारणाला करडईची भाजी. बाजारात कोवळी जुडी मिळाली होती. तिला मीठ लावून पिळली, लसूण, आलं, भाजलेल्या दाण्यांचा जाडसर कूट. पहिली आठ-दहा फुटली. कणीक जास्त झाली होती, ताण धरेना. मग नुसता मैदा घेतला, अर्धा तास झाकून ठेवला आणि चाळणीत ओल्या फडक्यावर वाफवली. नीट झाली. बरोबर कारळाची चटणी तेलात आणि थोड्या व्हिनेगरात कालवून. ही जोडी त्या दुकानातल्या सॉसपेक्षा चांगली लागली.

सासूबाई शेजारी बसून वळत होत्या. चुण्या त्यांनी घातल्याच नाहीत. प्रत्येक पारीच्या चार बाजू दुमडून चौकोनी पुडी करत राहिल्या, दिंडासारखी. मी काही म्हणाले नाही. रात्री मेसच्या ताटांत दोन्ही आकार वाढले. एका पोरानं चौकोनी उचलून विचारलं, "काकू, हे कोणतं?" सासूबाई दारात उभ्या होत्या, त्यांनी सांगितलं, "पंचमीला ये, त्यात पुरण असतंय."

या पंचमीला शिरा नाही, दिंडं करायची. चाळीस पोरांना दोन-दोन म्हणजे ऐंशी. तिघी बसलो तर दोन तासांत होतात.

लेक मंगळवारी सकाळच्या गाडीनं पुण्याला गेली. डब्यात बारा डंपलिंगं दिली. उत्तर चीनमध्ये म्हण आहे म्हणे: गाडीत चढताना डंपलिंग, उतरताना नूडल्स. घर सोडणाऱ्याला डंपलिंग खाऊ घालायचं आणि परत आलेल्याला लांब नूडल्स. तिनंच हे निघता निघता आजीला सांगितलं. गाडी गेल्यावर घरी आलो, तर सासूबाई माळ्याकडं बघत म्हणाल्या, "शेवयांचा पाट वर हाय न्हवं का? काढून ठिव. पोरगी संक्रांतीला येणार हाय."