हॅरिस बेटावर पूर्वजांच्या शोधात: आडनावापेक्षा गाव महत्त्वाचे

स्कॉटलंडच्या वायव्येला असलेल्या आउटर हेब्रिडीजमधील हॅरिसला कुणाचे पूर्वज शोधायला जायचे असेल, तर नुसत्या आडनावाच्या भरवशावर जाऊ नये. मॅक्लाउड, मॉरिसन, मॅकिनन, मॅकडोनल्ड अशा मोजक्या आडनावांत तेथील बहुतेक घराणी सामावलेली आहेत. त्यातच थोरल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचे आणि दुसऱ्याला आईच्या वडिलांचे नाव देण्याची जुनी रीत असल्यामुळे एकाच वाडीत, एकाच काळात तीन-चार डोनाल्ड मॉरिसन सहज सापडतात. माझ्या सासूबाई ग्लासगोच्या आणि माहेरच्या मॉरिसन. त्यांचे आजोबा तरुणपणी गोदीच्या कामासाठी बेट सोडून आले, एवढीच माहिती घरात उरली होती. ती घेऊन सासूबाई, माझे यजमान आणि मी निघालो.

खरे म्हणजे या प्रवासाचा अर्धा भाग घरी बसूनच उरकावा. ‘स्कॉटलंड्स पीपल’ या सरकारी संकेतस्थळावर नावांचा शोध विनामूल्य करता येतो आणि नोंदीची प्रतिमा पाहण्यासाठी पैसे भरावे लागतात. एडिंबरोत जाणार असाल, तर प्रिन्सेस स्ट्रीटच्या टोकाशी असलेल्या जनरल रजिस्टर हाउसमध्ये ठरावीक शुल्क भरून दिवसभर बसता येते आणि एकेका प्रतिमेचे वेगळे पैसे पडत नाहीत. स्कॉटलंडमध्ये जन्म, विवाह आणि मृत्यूची सक्तीची सरकारी नोंदणी १ जानेवारी १८५५ पासून सुरू झाली. मृत्यूची नोंद सर्वांत आधी काढावी, कारण तिच्यात मृताच्या आईवडिलांची नावे असतात आणि आईचे माहेरचे आडनावही असते. स्कॉटलंडमध्ये विवाहित स्त्रीचे माहेरचे आडनाव कागदावर टिकून राहते, थडग्यांवरसुद्धा दिसते. आपल्याकडच्या कित्येक वंशावळींत बायकांची नावेच नसतात, त्यामुळे मला या गोष्टीचे फार अप्रूप वाटले.

सासूबाईंच्या पणजोबांची मृत्यूची नोंद अशीच मिळाली. मृत्यूचे ठिकाण म्हणून स्टॉकिनिश लिहिले होते, आईवडिलांची नावे होती, आणि खबर देणाऱ्या मुलाच्या सहीच्या जागी एक तिरकी फुली होती. बाजूला निबंधकाने वळणदार अक्षरात ‘त्याची खूण’ असे नोंदवले होते. गेलिक ही बेटांवरची जुनी भाषा बोलणारा, पण लिहिता न येणारा तो मुलगा म्हणजे सासूबाईंच्या आजोबांचा थोरला भाऊ. त्या एका कागदाने आम्हांला गाव दिले आणि पुढचे सगळे दरवाजे त्या गावामुळेच उघडले.

१८५५ च्या मागे जाताना हात आखडतो. जुन्या चर्च नोंदवह्या या बेटांवर एकोणिसाव्या शतकातच नीट सुरू होतात. १८४३ मध्ये चर्चमध्ये फूट पडली आणि बेटांवरील बहुसंख्य लोक वेगळ्या निघालेल्या फ्री चर्चकडे गेले, त्यामुळे त्यानंतरचे अनेक बाप्तिस्मे मूळ चर्चच्या वहीत सापडत नाहीत. १८४१ च्या जनगणनेत पंधरा वर्षांवरील व्यक्तींची वये बहुधा पाचच्या पटीत खाली ओढून लिहिलेली आहेत. म्हणून वयात चार वर्षांचा फरक दिसला, तरी माणूस वेगळा आहे असे मानू नये. नावांचेही तसेच आहे. गेलिकमधील टॉर्मॉड इंग्रजी कागदावर नॉर्मन होतो, आणि ओइरिग नावाची एकच बाई एका नोंदीत एफी, तर दुसरीत हेन्रिएटा म्हणून भेटू शकते.

स्काय बेटावरील यूइग येथून हॅरिसमधील टार्बर्टला जाणारी फेरी सुमारे पावणेदोन तास घेते. उन्हाळ्यात गाडीसह जायचे असेल, तर आरक्षण बरेच आधी करावे. हॅरिसच्या दक्षिणेला नॉर्थटन या गावात ‘शॅलम’ नावाचे केंद्र आहे. आउटर हेब्रिडीजमधील सुमारे दोनशे वर्षांतील कुटुंबांची जुळवलेली माहिती तेथे मिळते. जाण्यापूर्वी वेळ ठरवून घ्यावी आणि हातातील कागदांच्या प्रती आधीच पाठवाव्यात. तेथील माहिती वाडी आणि क्रॉफ्टचा क्रमांक धरून लावलेली आहे. क्रॉफ्ट म्हणजे कुळाने कसायची लहानशी जमीन. त्र्यंबकेश्वरचे तीर्थोपाध्याय वही उघडण्यापूर्वी गाव आणि घराणे विचारतात, तोच हा प्रकार. स्टॉकिनिशचे नाव सांगताच आमच्यापुढे तीन पिढ्या मांडल्या गेल्या, आणि त्याहून मागची पिढी तर बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावरची निघाली.

हॅरिसच्या अलीकडच्या इतिहासाचे सार या स्थलांतरातच आहे. पश्चिमेला माखर, म्हणजे शंखशिंपल्यांच्या वाळूने सुपीक झालेली सपाट कुरणे आहेत, तर पूर्वेच्या ‘बेज’ भागात नुसता खडक. १८२० आणि १८३० च्या दशकांत जमीनदारांनी मेंढ्यांच्या मोठ्या कुरणांसाठी पश्चिमेची गावे रिकामी केली. काही कुटुंबे समुद्रापार कॅनडात गेली आणि उरलेली पूर्वेच्या खडकांवर जाऊन बसली. तेथे खडकांच्या मधल्या मूठभर मातीत समुद्रातील शैवाल घालून त्यांनी उंच वाफे रचले आणि बटाटा लावला. १८४६ मध्ये बटाट्यावर करपा आला, तेव्हा तोही आधार गेला. ते वाफे आजही स्टॉकिनिशच्या उतारांवर स्पष्ट दिसतात. कित्येक वाफे एवढे अरुंद आहेत की त्यांवर नांगर चालणेच शक्य नव्हते, सगळे काम कुदळीचे आणि पाठीवरच्या टोपलीचे.

पूर्वेकडे थडगे खणण्याइतकीही माती नव्हती. म्हणून शवपेटी खांद्यावर घेऊन लोक डोंगर ओलांडत आणि पश्चिमेला लस्कंटायर परिसरातील वाळूत पुरत. ही वाट आजही चालता येते आणि माझ्या मते तिच्याशिवाय हा प्रवास अपुरा आहे. खांदेकरी जेथे विसावा घेत, तेथे दगडांच्या राशी उभ्या आहेत. वाट दलदलीची आहे, तेव्हा उंच जलरोधक बूट हवेतच. सासूबाई गाडीने वळसा घालून पलीकडे आल्या. लस्कंटायरच्या दफनभूमीत जुन्या थडग्यांवर नुसते अनघड दगड आहेत, त्यांवर अक्षरे नाहीत. गरीब कुटुंबाच्या बाबतीत एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीचे नाव दगडावर वाचायला मिळेल, ही अपेक्षा ठेवू नये.

स्टॉकिनिशमध्ये एका वयस्क गृहस्थांनी सासूबाईंना पहिला प्रश्न विचारला, ‘तुम्ही कोणाच्या?’ आडनाव सांगून काही उपयोग झाला नाही. वडील, आजोबा, पणजोबा अशी नावांची ओळ सांगितल्यावर मात्र त्यांनी हाताने पडक्या भिंतींकडे निर्देश करून क्रॉफ्टचा क्रमांक सांगितला. तो केंद्रातल्या नोंदीशी जुळला. ही ओळ पाठ करून जावी, हा माझा सर्वांत व्यवहारी सल्ला.

कुळांचे हाल त्यांच्याच तोंडून वाचायचे असतील, तर क्रॉफ्टवरील कुळांच्या स्थितीची चौकशी करणाऱ्या १८८३ च्या नेपियर आयोगापुढील साक्षी जरूर पाहाव्यात. आयोगाने हॅरिसमध्येही साक्षी घेतल्या होत्या आणि साक्षीदारांची नावे व गावे त्यांत छापलेली आहेत. अध्यक्ष लॉर्ड नेपियर पूर्वी मद्रासचे गव्हर्नर होते आणि १८७२ मध्ये काही काळ हंगामी व्हाइसरॉयही. आयोगानंतर १८८६ च्या कायद्याने क्रॉफ्टवरील कुळांना जमिनीवरून सहज काढता येणार नाही, असे संरक्षण मिळाले.

बेटांचे अभिलेखागार उत्तरेला स्टॉर्नोवे येथील ल्यूज कॅसलमध्ये आहे. हा किल्लेवजा वाडा जेम्स मॅथेसन यांनी १८४४ मध्ये लुईस, म्हणजे हॅरिसला जोडूनच असलेला बेटाचा उत्तर भाग, विकत घेतल्यानंतर बांधला. त्यांचा पैसा चीनला अफू विकून आलेला. त्या व्यापारातील माळव्याची अफू मुंबईहून जात असे आणि सर जमशेटजी जीजीभॉय हे त्यांच्या कंपनीचे मुंबईतील मोठे व्यापारी सहकारी होते. तेथे कागद चाळताना मुंबईच्या जे. जे. ची आठवण होणे मला तरी टाळता आले नाही. याच मॅथेसन यांनी १८५१ ते १८५५ दरम्यान लुईसमधून सुमारे २,३०० लोकांना जहाजभाडे देऊन कॅनडाला धाडले. त्यामुळे लुईसचे एखादे कुटुंब दोन जनगणनांमध्ये अचानक नाहीसे झाले, तर पुढचा शोध क्वेबेक आणि ओंटारिओच्या नोंदींत घ्यावा. १९२३ नंतर माग तुटला असेल, तर त्या वर्षी एप्रिलमध्ये स्टॉर्नोवेहून सुमारे तीनशे जणांना घेऊन गेलेल्या ‘मेटागामा’ जहाजाच्या प्रवाशांची यादी पाहावी.

रविवारी बहुतेक दुकाने आणि हॉटेले बंद असतात आणि बसही धावत नाहीत, म्हणून शनिवारीच जेवणाची सोय करून ठेवावी. त्या दिवशी कुणाच्या घरी चौकशीला जाऊ नये. चर्चमधील गेलिक स्तोत्रगायन मात्र ऐकता येते, तेथे पाहुण्यांचे स्वागत होते. रस्ते एका वेळी एकच गाडी जाईल एवढे अरुंद आहेत. समोरून गाडी आल्यास थांबण्यासाठी ठेवलेल्या जागांत वाहन उभे करून ठेवू नये. मे आणि जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो, त्यामुळे दफनभूमी आणि पडक्या घरांसाठी संध्याकाळ मोकळी ठेवता येते.