फिल्टर नवा, तरी ट्रॅक्टर एअर का घेतो?

आज बागेतल्या छोट्या ट्रॅक्टरचा डिझेल फिल्टर बदलला. नवा फिल्टर टाकूनही इंजिन बंद पडत असेल, तर आधी जुनी रबरी रिंग बघा. ती बरेचदा वर फिल्टरच्या हेडलाच, म्हणजे फिल्टर जिथे बसतो त्या भागाला, चिकटून राहते. तिच्यावर नवी बसली की दोन रिंगांमधून हवा ओढली जाते, थेंबभर डिझेल गळत नसलं तरी!

टाकीचा डिझेल कॉक बंद करून फिल्टरभोवतीची माती आधी पुसा. नव्या रिंगला स्वच्छ डिझेलचं बोट लावा. स्पिन-ऑन (आट्यांवर फिरवून बसणारा) फिल्टर रिंग टेकेपर्यंत फिरवा, मग हातानेच साधारण पाऊण फेरा. पाना लावू नका, रिंग चेपते. कॅनमधलं डिझेल ओतून फिल्टर भरणं तर टाळाच. ते न गाळलेलं डिझेल मधल्या भोकातून सरळ इंजेक्शन पंपात जातं आणि इंजिनात डिझेल फवारणाऱ्या नोझलची वाट लागते.

मग कॉक उघडून फिल्टरवरचा हवा काढायचा एअर स्क्रू सैल करा, बुडबुडे थांबेपर्यंत हँडपंप मारा. तो आवळून नंतर इंजेक्शन पंपावरचा एअर स्क्रू तसाच. क्रम उलटा नको. स्क्रूखालचा तांब्याचा वायसर चेपलेला असेल तर बदलाच. सेल्फ एका वेळी 10 सेकंदांपेक्षा जास्त नको, बॅटरीला दम घेऊ द्या.

जुन्या फिल्टरच्या वाटीत तळाला पाणी दिसलं, तर टाकीच्या तळाचं पाणीही आजच काढा.