रेट्रो गाडी निवडताना मी आधी मागचं चाक पाहिलं

रेट्रो, म्हणजे जुन्या वळणाची मोटरसायकलच घ्यायची हे ठरलेलं होतं. प्रश्न एवढाच, की कोकणात देवरुखला राहून ती सांभाळायची कशी? आमच्याकडे पावसाळ्यात चेन दोन दिवसांत तांबडी पडते, आणि आंबा घाटात पंक्चर झालं तर मदतीला येईल तो तुमचा देव.

आमच्या मिस्त्रीला विचारलं. त्याने उभी हयात जुन्या, उजव्या पायाने गिअर टाकायच्या बुलेटवर काढलेली. तो म्हणाला, "दादा, टाकीचा रंग काय बघताय? मागचं चाक काढायला किती वेळ लागतो ते बघा." मग माझी सगळी निवड तिथूनच सुरू झाली.

स्पोकची, म्हणजे तारांची चाकं दिसायला देखणी, पण बहुतेक गाड्यांत त्यांच्या आत ट्यूब असते. पंक्चर झालं की चाक काढा, टायर सोडवा. अलॉयच्या ओतीव चाकाला ट्यूबलेस टायर असेल तर खिळा उपटायचा, चिकट दोरी भरायची, हवा मारायची, निघायचं. मी अलॉय धरलं. मेहुणा अजून म्हणतो, "मग रेट्रो कसली?" म्हणू दे.

दुसरी चाळणी इंजिनाची. ट्रायम्फ स्पीड 400 मनात भरली होती. चाकणला बजाजकडे बनते, सर्व्हिस 16,000 किलोमीटरला. पण इंजिन थंड ठेवायला रेडिएटर, व्हॉल्व्ह उघडणारे दोन कॅमशाफ्ट, चार व्हॉल्व्ह. हे आमच्या मिस्त्रीच्या टपरीवर उघडायचं काम नव्हे. जावा 350 लाही रेडिएटर आहेच. होंडा सीबी 350 हवेवर थंड होणारी, चालवायला लोण्यासारखी, पण ती होंडाच्या बिगविंग शोरूममध्येच मिळते आणि ती शोरूम मोठ्या शहरांत. उरल्या रॉयल एनफिल्डच्या क्लासिक आणि हंटर. दोन्हींत तेच 349 सीसीचं जे-सिरीज इंजिन, दोनच व्हॉल्व्ह. व्हॉल्व्ह दाबणारे टॅपेट मात्र अधूनमधून सेट करावे लागतात. कंपनीच्या आधीच्या यूसीई इंजिनात आपोआप सेट होणारे हायड्रॉलिक टॅपेट असल्याने ती कटकट नव्हती.

माझ्या मते खरी चौकशी सेल्सवाल्याकडे करूच नये. मी थेट स्पेअरच्या काउंटरवर गेलो. क्लच केबल, ब्रेक पॅड, चेन-स्प्रॉकेट सेट, इंडिकेटर: भाव काय, आणि आत्ता कपाटात आहे का? एका कंपनीच्या काउंटरवर प्रत्येक वस्तूला "मागवावं लागेल" हेच उत्तर मिळालं. ती गाडी तिथेच यादीतून गेली.

शेवटी क्लासिकचं अलॉयवालं डार्क मॉडेल घेतलं. हंटर 181 किलोची, क्लासिक 195. तरी मी जड गाडी घेतली. सेंटर स्टँड मला हवाच होता. चेन साफ करताना मागचं चाक अधांतरी फिरवता आलं पाहिजे. टेस्ट राइडनंतर मी ती एकट्याने स्टँडवर चढवून दाखवायचा हट्ट धरला. सेल्समन हसला, पण चढली.

एप्रिल 2020 पासूनच्या प्रदूषणाच्या बीएस-6 नियमांनी कार्ब्युरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं, आणि या गाडीला किकही नाही; बॅटरी बसली की गाडी बसली. म्हणून बॅटरीचा चार्जर घरात ठेवलाय. फ्युएल इंजेक्शनचा दिवा पेटला तर कंपनीचं स्कॅनर लागणार, त्याला इलाज नाही. वॉरंटी आहे तोवर सर्व्हिस तिकडेच. पावसात भिजून आलो की चेन पुसायची, कोरडी झाली की नव्वद नंबरचं गिअर ऑइल लावायचं, एवढं मी घरीच करतो. रात्रीच लावायचं. सकाळी लावून लगेच निघालात तर तेल उडून पाठीमागच्याची पँट गेलीच म्हणून समजा.