सोळावा रस्ता

लातूरच्या गोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात, हे आम्हाला शाळेत पाढ्यासारखं पाठ होतं. १९१७ सालची बांधणी, मधे जगदंबेचं देऊळ, भोवती गोल पेठ. पण स्वतः मोजायला गेलं की कधी पंधरा भरायचे, कधी सतरा.

परवा एका लग्नाच्या निमित्तानं वीस-बावीस वर्षांनी गेलो. दुपारचे दोन, ऊन मी म्हणतंय, आणि हा शहाणा गोलाईत उभा राहून बोटं मोडत रस्ते मोजतोय. नवव्यापाशी पेरूची गाडी आडवी आली आणि ही गल्ली धरायची की रस्ता, तो जुना घोळ पुन्हा सुरू झाला.

चौथीत असताना इथंच हरवलो होतो. कंदिलाची काच आणायला पाठवलं होतं. दुकानातून बाहेर आलो तर सगळ्या वाटा एकसारख्या. काच छातीशी धरून दोन चकरा मारल्या. तिसरीला बांगड्यावाल्या मावशीनं हटकलं, "लेकरा, का फिरलालास?" घर स्टेशनाजवळ म्हटल्यावर म्हणाली, "मग थांब की हितंच. गाडीची शिट्टी आली की तिकडं चालायचं."

तेव्हा स्टेशन गावातच होतं. बार्शी लाइट, अडीच फुटी रूळ. गाडी वेळेवर यायची असं कुणी म्हणणार नाही, त्यामुळे मावशीशेजारी चांगलाच वेळ बसलो. तिनं खारे शेंगदाणे दिले. शिट्टी झाली, मी नाकासमोर चालत सुटलो.

उन्हाळ्यात त्याच गाडीनं मामाकडं मिरजेला जायचो. वाटेत लागेल म्हणून आई फिरकीचा तांब्या काठोकाठ भरून घ्यायची. पुढं रूळ रुंद झाले, स्टेशन गावाबाहेर गेलं. आणि २०१६च्या एप्रिलात मिरजेहूनच पाण्याची गाडी लातूरला आली. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. आम्ही पुण्यात टीव्हीवर बघत होतो. आई काही बोलली नाही. उठली आणि स्वयंपाकघरातला नळ घट्ट पिळून आली. तो गळत नव्हता.

असो. मोजणी परत पहिल्यापासून सुरू केली, तर एक रिक्षावाला येऊन थांबला.

"काका, कुठं जालालाव?"

"स्टेशनाजवळ," तोंडातून निघून गेलं.

"जुन्या का नव्या?"

"जुन्या."

"तिथं आता काय हाय?"

याला काय सांगणार! बसलो. तो कुठल्या रस्त्यानं बाहेर पडला, तेही बघायचं राहिलं.

आणि हो, ती काच. ती घराच्या पायरीवर फुटली होती.