गनरचे पदक वेगळे का? तुम्ही विचारलेत म्हणून

युद्धपदकांवर बोलायला कुठेही गेलो की एक प्रश्न हटकून येतो: एकाच विमानात बसून एकाच गोळीबारातून गेलेल्या माणसांना निरनिराळी पदके कशी काय मिळत? ब्रिटिश पद्धतीत पराक्रमाच्या जोडीला हुद्दाही पाहिला जाई, एवढेच खरे तर उत्तर आहे. पण नियम सांगून कोणाचे समाधान होत नाही, म्हणून मी १२ फेब्रुवारी १९४२ ची दुपार सांगतो.

शार्नहोर्स्ट आणि ग्नायझेनाउ या जर्मन युद्धनौका आणि प्रिन्झ ऑयगेन ही क्रूझर फ्रान्समधले ब्रेस्ट बंदर सोडून भर दिवसा इंग्लिश खाडीतून निघाल्या होत्या, आणि त्यांच्यावर ब्रिटिश नौदलाच्या ८२५ स्क्वाड्रनची सहा स्वोर्डफिश विमाने धाडण्यात आली. स्वोर्डफिश हे कापडाने मढवलेले, उघड्या बैठकीचे दुपंखी विमान. पुढे वैमानिक, मध्ये निरीक्षक आणि सर्वांत मागे, शेपटीकडे तोंड करून, बिनतारी यंत्र व मशिनगन सांभाळणारा खलाशी, म्हणजेच गनर, अशी त्यातली बसण्याची रीत होती. पाणतीर सोडण्यासाठी विमान पाण्यालगत सरळ रेषेत न्यावेच लागते आणि तेवढा वेळ, मागून येणारी लढाऊ विमाने प्रत्यक्ष पाहत बसणे या खलाशाच्याच वाट्याला येई. तुकडीप्रमुख एस्मंड यांच्या विमानाला आग लागली तेव्हा त्यांचा गनर क्लिंटन बैठकीतून बाहेर पडला आणि विमानाच्या पाठीवर बसून हातांनी ज्वाळा विझवू लागला, असे वाचलेल्यांपैकी एकाने पाहिले होते.

सहाही विमाने पडली, एकही पाणतीर लागला नाही आणि अठरांपैकी पाच जण वाचले. त्यांतल्या चार अधिकाऱ्यांना डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस ऑर्डर मिळाली. पाचवा डोनाल्ड बन्स हा गनर; पेटत्या विमानातूनही त्याने मारा थांबवला नव्हता. तो अधिकारी नसल्याने त्याला कॉन्स्पिक्युअस गॅलन्ट्री मेडल देण्यात आले. एस्मंड यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस हा ब्रिटनचा सर्वोच्च युद्धसन्मान मिळाला, पण क्लिंटनसह उरलेल्या बारा मृतांचा युद्धवृत्तांतात केवळ नामोल्लेख झाला, कारण त्या काळी शत्रूसमोरच्या शौर्यासाठी या दोन गोष्टींखेरीज दुसरा सन्मान मृताला देता येत नसे. (आपले वीर चक्र सर्व हुद्द्यांना एकच असते आणि ते मरणोत्तरही मिळते, हे ऐकले की सभागृह जरा सैलावते.)

हवाई दलातही तेच होते. ६ एप्रिल १९४१ रोजी ब्रेस्टमध्येच ग्नायझेनाउवर पाणतीर सोडून केनेथ कॅम्पबेल यांचे ब्यूफर्ट विमान कोसळले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, मात्र सोबत गेलेल्या तीन सार्जंटांना शौर्यपदक नाही. ते तिघे जिवंत परतले असते तर त्यांना डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग मेडल मिळू शकले असते. १९१८ मध्ये सुरू झालेले आणि १९९३ मध्ये बंद झालेले हे लंबगोल रुपेरी पदक अधिकारी नसलेल्यांसाठी होते. अधिकाऱ्यांना डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस मिळे. दोन्हींच्या फितीवर जांभळे-पांढरे तिरके पट्टे असतात. पदकाचे पट्टे तेवढे अरुंद.

पण अधिकाऱ्याचा क्रॉस नाव न कोरताच दिला जाई आणि पदकाच्या कडेवर मात्र मानकऱ्याचा क्रमांक, हुद्दा व नाव असे. त्यामुळे हे पदक श्रोत्यांच्या हाती देताना, दर्शनी बाजू राहू द्या, आधी कड उजेडात धरा, असे मी सांगतो.